मालक शेवटी जेवतो

नगरसेवकांचं घर शोधायला कुणाला कधी पत्ता लागला नाही. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला हातातली इस्त्री न थांबवता सांगायचा, "सरळ जा. चांगला रस्ता संपला की जपून. पाय मुरगळला, की तेच घर." माणूस बरोबर पोहोचायचा. लंगडत, पण बरोबर.

बाकीचा प्रभाग मात्र बघत राहावा असा होता. गल्लोगल्ली फरश्या, फरश्यांच्या कडेनं दिव्यांचे खांब, खांबांच्या मधे बसायला बाकं. एका गल्लीत तर दिवे इतके झाले, की झोप लागत नाही म्हणून तिथल्या लोकांनी अर्ज दिला, आणि साहेबांनी तो अर्जही तातडीनं मार्गी लावून दिला. ही सगळी शोभा साहेबांच्या स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची. सुतानं आखावी तशी रेघच होती तिथे. रेघेच्या पलीकडे नगरपालिका, अलीकडे खड्डे.

कुणाला वाटेल, साहेब आळशी असतील, नाहीतर खात असतील. तसं असतं तर वहिनींना निदान चारचौघींसारखी बोटं तरी मोडता आली असती. वहिनी म्हणजे साहेबांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची आणि साहेबांना ऐकवायचं ते सगळं त्यांनाच ऐकवायची. पण साहेब प्रामाणिक होते. इतके प्रामाणिक, की बघणाऱ्याचे डोळे भरून यावेत आणि घरच्यांचे पाय भरून यावेत. त्यांचं एक तत्त्व होतं: वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं. म्हणून नगरसेवकाची गल्ली प्रभागात सगळ्यात शेवटी. आणि दरवर्षी निधी असा काही मापून यायचा, की शेवटाच्या जरासा आधी संपायचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही झाली जगाची रीत. साहेबांकडे जगातलं प्रत्येक कार्टं बाब्या होतं, आणि घरचा बाब्या कधीचा दाराबाहेर उभा होता.

कुठलंही दार दिसलं, की साहेब हात पुढे करून बाजूला सरायचे आणि म्हणायचे, "आधी तुम्ही." दवाखान्यात, दुकानात, नगरपालिकेच्या जिन्यावर, सगळीकडे. दात दुखत असताना दाताच्या डॉक्टरांकडेही त्यांनी सगळ्या रांगेला पुढे सोडलं होतं आणि दवाखाना बंद झाल्यावर तसेच घरी आले होते. त्यामुळे माघारी गल्ली त्यांना 'आधी तुम्ही' म्हणायची. "आज 'आधी तुम्ही' दिसले नाहीत?" असं विचारलं, की वहिनींनासुद्धा कळायचं, आपल्या नवऱ्याबद्दल चाललंय.

राजकारणात येण्याआधी साहेब चष्म्याच्या दुकानात नोकरीला होते. भिंतीवरची अक्षरं गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यायची, भिंग बदलायचं आणि "आता?" म्हणून विचारायचं, हे काम त्यांनी अर्धं आयुष्य केलं. तिथे येणाऱ्याची नजर तपासता तपासता त्याचं गाऱ्हाणंही ऐकायचे. निम्मं गाव असं ओळखीचं झालं, आणि हा माणूस ऐकून तरी घेतो म्हणून लोकांनी निवडून दिलं. त्यांना स्वतःला लांबचं लख्ख दिसायचं. जवळचं दिसायला चष्मा लागायचा, आणि तो बहुतेक वेळा कुठेतरी विसरलेला असायचा.

तत्त्व मात्र चष्म्याच्या दुकानातलं नव्हतं, वडिलांच्या खानावळीतलं होतं. साहेबांचे वडील खानावळ चालवायचे आणि त्यांचा नियम कडक: मालक शेवटी जेवतो, आणि मालकाचं घर मालकाबरोबर. शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन गेलं, की पातेल्यात जे उरेल ते आपलं. उरलं नाही तर गिऱ्हाईक पोटभर जेवलं, यातच मालकाचं पोट भरलं. ही गोष्ट साहेब प्रत्येक सभेत सांगायचे, प्रत्येक उद्घाटनाला सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज दरवेळी त्याच ठिकाणी दाटून यायचा. वहिनींना ते ठिकाण पाठ होतं. त्या तेवढ्यात पाण्याचा पेला पुढे करायच्या.

घरातही तेच. आधी घरातली मोठी माणसं, मग आला-गेला, मग साहेब. आता साहेबांना गरम वाढायला कुणीतरी उभं राहायला हवं, म्हणून वहिनी उभ्या राहायच्या. शेवटच्या माणसाच्याही नंतर कोण जेवतं, हा विषय साहेबांच्या भाषणात बसत नव्हता, त्यामुळे तो कधी निघालाच नाही.

घरातलं मोठं माणूस म्हणजे ताई, साहेबांची थोरली बहीण. आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला ताईंनी वाढवलं. पुढे खानावळ बुडाली, (गिऱ्हाइकाचं पोट भरून भरून दुसरं काय होणार?) तेव्हा ताई लाँड्रीत इस्त्रीला लागल्या आणि त्यावर भावाचं शिक्षण झालं. लग्न करायचं राहून गेलं. भाऊ निवडणुकीला उभा राहिला तेव्हा घरोघर फिरल्या त्याही ताईच. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मत मागायला गेल्या तरी समोरच्या बाईला आधी तिच्या पडद्यांना इस्त्री नाही म्हणून ऐकवायच्या. तरी लोकांनी मतं दिली.

ताईंचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. कोपऱ्यावरून वळलं की बाग होती, बागेत एक बाक, आणि बाकावर ताई आणि त्यांची मैत्रीण, एक निवृत्त नर्स. दोघी मिळून येणाऱ्या-जाणाऱ्याचा पंचनामा करायच्या. नगरपालिकेच्या सभेपेक्षा तिथे कामकाज जास्त व्हायचं, आणि कुणी सभात्यागही करत नव्हतं.

मग घरासमोरच्या गटारावरची फरशी खचली. साहेबांनी ती बघितली, हळहळले, आणि शेवटच्या नंबरावर टाकली. एका संध्याकाळी बागेत निघालेल्या ताई त्याच फरशीवरून गटारात गेल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, महिने गेले, ताई चाकाचा वॉकर घेऊन उभ्या राहिल्या. पण वॉकर चालवायला सपाट जमीन लागते आणि ती उंबऱ्याशीच संपत होती. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत, एवढीच त्यांची वारी उरली. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की बाहेर पडून रोज चालल्या तरच पाय मोकळा होईल. हे वर्ष घरात काढलं, तर सांधा आखडेल आणि मग अंथरूण. वहिनींनी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, की म्हणूनच तर कसोटी आहे.

गल्लीच्या टोकाला राहणारा सुतार एकदा दोन जाड फळ्या घेऊन आला होता. गटारावर टाकतो, म्हणाला, खाली दोन ठोकळे बसवतो, ताई आरामात जातील. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि फळ्या परत पाठवल्या. सार्वजनिक गटारावर नगरसेवकाच्या दारातच खासगी बांधकाम, लोक काय म्हणतील? लोक काय म्हणतात ते सुतारानं जाता जाता वहिनींना सांगितलं, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

निवडणूक जवळ आली. या मुदतीतली शेवटची कामं ठरवायची सभा तोंडावर आली, आणि एका सकाळी गल्लीचं शिष्टमंडळ साहेबांच्या दारात उभं राहिलं. पुढे सुतार, मागे लाँड्रीवाला, शिकवणीच्या बाई, निवृत्त पोस्टमास्तर. वहिनींना वाटलं, आता भांडण. पण मंडळी अगदी गोडीनं बोलत होती. पोस्टमास्तरांनी सुरुवात केली, की तुमच्यासारखा नगरसेवक सात जन्मांत मिळायचा नाही. शिकवणीच्या बाईंनी री ओढली. साहेब मान खाली घालून ऐकत होते, कौतुक ऐकताना ते नेहमीच मान खाली घालायचे. मग सुतारानं मुद्द्याला हात घातला.

"साहेब, आमची एकच मागणी आहे. तुम्ही घर बदला."

सुतारानं समजावून सांगितलं, की मत आम्ही तुम्हालाच देणार, त्याची काळजी नको. पण तुम्ही इथे राहता तोवर या गल्लीत दिवा लागणार नाही, हे आता आमच्या पोरांनाही कळलंय. तुम्ही दुसऱ्या गल्लीत राहायला गेलात, की आम्ही आपोआप परके होऊ, आणि परक्यांचं तुम्ही किती करता ते आम्ही रोज रेघेपलीकडे बघतोच आहोत. सामान हलवायला हातगाडी आणि माणसं आमची.

वहिनींनी साहेबांकडे बघितलं. दुसरा कुणी असता तर संतापला असता, नाहीतर लाजला असता. साहेबांचे डोळे भरून आले. आपलं तत्त्व जनतेला इतकं समजलंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जनतेची मागणी आहे, तर घर बदलू, ते म्हणाले. आणि वहिनींना पहिल्यांदाच त्या तत्त्वाचा थोडा लोभ सुटला. नवं घर म्हणजे नवी गल्ली, नवी गल्ली म्हणजे दारापर्यंत फरश्या. ताईंचा वॉकर त्यांना त्या फरश्यांवरून चालतानासुद्धा दिसायला लागला.

त्या दिवसापासून घराचा शोध सुरू झाला आणि प्रभागात बातमी वणव्यासारखी पसरली: 'आधी तुम्ही' घर बघतायत. जिथे जिथे 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या होत्या, तिथल्या पाट्या उतरायला लागल्या. एका मालकानं सांगितलं, घर पुतण्यासाठी ठेवलंय. पुतण्या कुठे असतो विचारलं, तर भावाचं अजून लग्न व्हायचं होतं. दुसऱ्यानं घराला ओल आहे म्हणून सांगितलं आणि साहेबांचा विश्वास बसावा म्हणून भिंतीवर बादलीभर पाणी मारून ठेवलं. एका गल्लीत पदपथाचं काम निम्म्यावर आलं होतं. तिथले लोक तर हात जोडून रस्त्यातच आडवे आले. पदपथ पुरा होऊ द्या साहेब, मग या, आमच्या डोक्यावर बसा. जिथे सगळंच होऊन गेलं होतं तिथेही एका म्हाताऱ्यानं विचारलं, की पुढे दिव्याचा बल्ब गेला तर? ज्या लोकांसाठी त्यांनी रक्ताचं पाणी केलं, ते सगळे त्यांना देव मानत होते, आणि देव आपला देवळात असलेला बरा, घरात नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

वहिनी चपला झिजवून घरी यायच्या. साहेब मात्र खुशीत असायचे.

"बघितलंस? माझं तत्त्व प्रत्येक माणसाला माहीत आहे."

"हो," वहिनी म्हणायच्या. "म्हणूनच तर कुणी दारात उभं करत नाही."

घर मिळालं नाही. शिष्टमंडळानं हातगाडी परत नेली. ताईंनी या सगळ्यात तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या खिडकीत बसून नर्सबाईंशी फोनवर बोलायच्या आणि बाकावर हल्ली कोण बसतं ते विचारून घ्यायच्या. हल्ली हल्ली आतून बाहेर यायलाही त्यांना मधे एकदा थांबायला लागत होतं. वहिनींना ते दिसत होतं, आणि ते साहेबांना दिसत नाही म्हणून त्या दिवसभर भांडी आपटायच्या.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी एका साप्ताहिकाची बातमीदार आली. 'आपला नगरसेवक' म्हणून सदर होतं, त्यात माणसाची पार्श्वभूमी आणि स्थानिक कारभाराबद्दलचे विचार छापायचे होते. मुलगी बिचारी नवी होती, चांगला रस्ता संपल्यावर जपून चालायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्याला लागलेला चिखल पुसत ती खुर्चीवर बसली आणि तिनं विचार विचारले.

विचारांना साहेबांकडे कधी तोटा नव्हता. सरकार लांब असतं, नगरपालिका पायाखाली असते, ते म्हणाले. मुलीनं गुडघा चोळत ते लिहून घेतलं. लोकांना भाषण नको असतं, ताट हवं असतं. नगरपालिका म्हणजे खानावळ. आणि मग ओघानंच बाबांची खानावळ आली, शेवटचं गिऱ्हाईक आलं, हात धुऊन गेलं, पातेलं आलं. वहिनींनी पेला भरून हातात धरला.

"आणि तुम्हाला सांगतो," साहेबांचा आवाज ठरल्या जागी दाटला, "आम्ही रोज शेवटी जेवलो, पण मी एक दिवससुद्धा उपाशी झोपल्याचं मला आठवत नाही. शेवटी जेवणाऱ्याला कधी कमी पडत नाही. माझा सगळा कारभार या एका अनुभवावर उभा आहे."

"तुला कसं आठवेल?"

ताई खिडकीतून बोलल्या होत्या. त्यांनी वॉकर वळवला. तो खोलीत वळवायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे थांबून राहिले.

"तू कधी शेवटी जेवलाच नाहीस. पहिली पंगत बसायच्या आधी, भाताचं झाकण उघडलं की पहिली वाटी मी तुझी काढायचे. मोरीच्या दाराआड पातेलं उपडं घातलेलं असायचं, त्याच्याखाली ठेवायचे. बाबा गल्ल्यावर बसले की तुला मोरीत नेऊन भरवायचे. मग तू सगळ्यांबरोबर शेवटी नुसता बसायचास. भात उरला नाही तरी हसायचास. बाबा म्हणायचे, बघा, माझा लेक किती समाधानी."

साहेब हसले. त्यांना ते गमतीत घ्यायचं होतं.

"ताई, काहीतरीच तुझं. आणि तू गं? तू कधी जेवायचीस?"

"मी मालकाबरोबर जेवायचे," ताई म्हणाल्या. "उरलं तर."

साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. वहिनींच्या हातातला पेला कुणी घेतला नाही. ताईंना आता थांबायचं नव्हतं. तुझ्या तत्त्वाबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्या म्हणाल्या, शेवटी जेवायची हौस असेल तर खुशाल जेव. पण भूक तुझी नसते, ती आमची असते. आधीही माझी होती, आताही माझीच आहे. बाबांना निदान स्वतःला तरी उपाशी राहता येत होतं.

मुलीनं हे लिहायचं का म्हणून विचारलं. लिही, ताई म्हणाल्या. मुलीनं दोघांकडे बघितलं आणि सदरात जागा फार कमी असते असं म्हणून ती उठली. जाताना साहेब सवयीनं दारात बाजूला सरले, पण "आधी तुम्ही" त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब न बोलता तयार झाले आणि सभेला गेले. ते कोपऱ्यावरून वळले मात्र, वहिनी सुताराच्या दारात हजर. फळ्या अजून आहेत का, त्यांनी विचारलं. फळ्या होत्याच. त्या या क्षणाची वाट बघत भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि सुतारही. त्यानं खाली ठोकळे बसवले, फळ्या ठोकल्या, वर रबराची पट्टी मारली, आणि स्वतः वर उभा राहून दोन उड्या मारून दाखवल्या. लाँड्रीवाल्यानं कोपऱ्यापर्यंतचे खड्डे विटांच्या तुकड्यांनी आणि मातीनं बुजवले. शिकवणीच्या बाईंनी मुलांना धडा वाचायला लावून स्वतः माती लोटली. सार्वजनिक जागेवर भर दिवसा इतकं मोठं बेकायदा बांधकाम त्या गल्लीनं कधी बघितलं नव्हतं, आणि सगळे फार आनंदात होते.

मग वहिनींनी भात केला. झाकण उघडलं, पहिलं ताट ताईंचं वाढलं, दुसरं स्वतःचं, आणि दोघी समोरासमोर बसून गरम गरम जेवल्या. वहिनींना आठवेना, गरम भात त्या याआधी कधी जेवल्या होत्या. त्यांना तो थोडा जास्तच गेला. भांडी घासून, मोरीच्या दाराशी मोठं पातेलं उपडं घालून त्यांनी दाराला कडी घातली.

ताई फळ्यांवर आल्या तेव्हा सगळी गल्ली खिडक्यांत होती. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. गटार ओलांडल्यावर त्या थांबल्या, मागे वळून त्यांनी फळ्यांकडे बघितलं आणि सुताराला म्हणाल्या, की एक खिळा वर आलाय. सुतारानं तो ठोकला. बागेपर्यंत जायला खूप वेळ लागला. बाकावर नर्सबाई होत्या. दोघींनी गळाभेट वगैरे काही केली नाही. ताई टेकल्या, दम घेतला, आणि समोरून जाणाऱ्या माणसाकडे बघून म्हणाल्या, "हा अजून तसाच चालतो." वहिनींना हसू आलं, आणि मग कितीतरी वेळ डोळ्यांना पदर लावून त्या तिथेच बसून राहिल्या.

संध्याकाळी तिघी परत निघाल्या. नर्सबाई कोपऱ्यावरून आपल्या घरी वळल्या आणि वहिनींनी बघितलं, साहेब घरासमोर उभे आहेत. घर समोर, फळ्या समोर, आणि ते अलीकडे, हातात पिशवी धरून. फळ्यांवर पाय ठेवावा की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक.

वहिनींनी सभेत काय झालं ते विचारलं. साहेबांनी फळ्यांकडे बघतच सांगितलं. आज सगळ्यात आधी त्यांनी आपल्या गल्लीचं नाव घेतलं. पहिलं काम म्हणून, उभं राहून, मोठ्यानं घेतलं. मग सगळ्यांना वाटलं, साहेब चुकून वरची ओळ सोडून खालची वाचतायत, चष्मा घरी राहिला असेल. कुणीतरी आपला चष्मादेखील देऊ केला. सभेच्या कारकुनानं नाव लिहून घेतलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, साहेबांना विचारायचीसुद्धा गरज न वाटून, ते शेवटी टाकलं. आदरापोटी. निधी त्याच्या जरासा आधी संपला.

"आणि तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"मी खाली बसलो," साहेब म्हणाले. "पुन्हा उठलो असतो तर बरं दिसलं नसतं."

ताईंनी वॉकर फळ्यांच्या तोंडाशी आणला आणि त्या थांबल्या, कारण साहेब वाटेत उभे होते. साहेबांनी बहिणीकडे बघितलं, वॉकरकडे बघितलं, आणि मग बाजूला सरून हात पुढे केला.

"आधी तुम्ही."

ताई गेल्या, मागून वहिनी गेल्या, सगळ्यांत शेवटी साहेब गेले. फळ्यांनी तिघांनाही पेललं.

साहेब सकाळपासून उपाशी होते. भाताचं पातेलं चुलीवर होतं आणि त्यात दुपारचा उरलेला गार भात. वाढायला कुणी उभं राहिलं नाही, वहिनी ताईंचे पाय चेपत बसल्या होत्या. साहेबांनी स्वतःच वाढून घेतलं. थोडं खाल्लं, पुन्हा वाढायला गेले, तर डाव तळाला लागला. त्यांनी खरवडलं. चार शितं आली.

"भात संपला का?" त्यांनी विचारलं.

"संपला," वहिनी म्हणाल्या. "मालक शेवटी जेवतो. उरलं तर."

साहेब ताट हातात घेऊन उभे राहिले. मोरीच्या दाराशी मोठं पातेलं उपडं घातलेलं होतं. ते तिकडे गेले, वाकले आणि त्यांनी ते उचलून बघितलं. खाली ओली फरशी होती, दुसरं काही नव्हतं. त्यांनी मान वर केली तेव्हा ताई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"ते काम आता माझ्याच्यानं होत नाही," ताई म्हणाल्या.

त्या रात्री साहेब आयुष्यात पहिल्यांदा अर्धपोटी झोपले, असं वहिनींचं म्हणणं. पुढचं लाँड्रीवाल्यानं सांगितलं, त्याला नगरपालिकेच्या शिपायानं सांगितलं होतं. सकाळी कचेरी उघडायला शिपाई आला तेव्हा दाराबाहेर साहेब उभे होते, चष्मा लावून. मागून लोक येत गेले, रांग लागली, पण साहेबांनी कुणाला पुढे सोडलं नाही. शिपायाला ते बघवेना. त्यानं अदबीनं विचारलं, साहेब, आज कुणाचं काम घेऊन आलात?

"माझ्या घरचं," साहेब म्हणाले, आणि आत शिरले.